बत्तीस पोती, एक सुपारी

१

सोमवारी सकाळी कौशल्याबाईंनी तिसऱ्या खोलीचं कुलूप काढलं, दार ढकललं, आणि पाहिलं तर आतली बत्तीस पोती सिमेंट नाहीशी झालेली.

कुलूप जागेवर होतं, कडी-कोयंडा जागेवर होता, खिडकीचे गज एकूण एक शाबूत होते. आणि कुलूपही काही साधंसुधं नव्हतं. पुण्याहून खास आणलेलं, लहान नारळाएवढं. उघडताना ते असं किंचाळायचं की कासारवाडीच्या फाटकावरचा माणूस गाडी आली समजून हिरवं निशाण घेऊन बाहेर यायचा, असं पिंपरीत सांगत. पिंपरीतले लोक फार तर दुपटीने वाढवून सांगत, त्याहून जास्त नाही.

बाई उंबरा ओलांडून आत गेल्या तेव्हा त्यांचा पाय अडखळला. पाऊल जिथे पडायचं तिथे न पडता मधेच टेकलं आणि गुडघ्याला हिसका बसला. धक्क्याने पाय लटपटले असं त्यांना वाटलं. खोली अगदी रिकामी होती. जमीन कशी लख्ख, सारवलेली, देवघरासारखी. समोरच्या कोनाड्यात त्यांनी नव्या खोल्यांच्या पूजेच्या दिवशी ठेवलेली हळदकुंकवाची सुपारी तेवढी त्यांच्याकडे टकमका बघत होती.

"भावजी," त्या हळूच म्हणाल्या, "सगळं गेलं."

धाकटे दीर उद्धवराव मागेच उभे होते. तरुणपणी तालमीत घुमलेला गडी. मान अजून उखळासारखी. त्यांनी आत डोकावून पाहिलं, उजव्या तळव्यावर तंबाखू घेतली, डाव्या अंगठ्याने चोळत चोळत म्हणाले, "वहिनी, किल्ल्या किती या कुलपाला?"

"दोन. एक माझ्या कमरेला."

"आन् दुसरी?"

दुसरी कादर मिस्त्रीकडे होती. कादर अंगणातच थापी हातात घेऊन उभा होता. तो दाराकडे धावला, पण उद्धवरावांनी चौकटीत आडवा हात लावला.

"तू भायेरच थांब. आत पाय टाकायचा न्हाई. काय पुरावा पुसायचा इचार हाय काय?"

"पुरावा कसला, रावसाहेब? मी शुक्रवार-शनिवार देहूरोडला होतो, पुतणीच्या निकाहाला. बाईंना ठावं हाय."

"किल्ली कुठं होती निकाहाला?"

कादरने कमरेचा करगोटा चाचपला. "माझ्यापाशीच," तो म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याच्या लक्षात आलं की आपण आपल्याच गळ्यात धोंडा बांधला.

उद्धवराव कळवळून सांगत होते, "तुमी खेडला बारशाला गेलात, वहिनी. मी एकटा माणूस. शुक्रवारी सबंद दिवस शिडी लावून तुमच्या छपराची कौलं नीट करत बसलो, आढ्यावरची कोन्याची लिंपून घेतली. छप्पर राखलं, पर खाली दारातनं चोरी हुईल असं सपनात आलं न्हाई. आता फौजदाराकडं जावा. मिस्त्रीला आत टाकला की पोपटावानी बोलंल."

कौशल्याबाई मनात दिवस मोजत होत्या. आज सोमवार. पुढच्या सोमवारी कारखान्याचे यशवंतराव साहेब येणार होते.

२

त्या सोमवारावर सगळं टांगलं होतं.

चार वर्षांपूर्वी कौशल्याबाईंचे यजमान वारले आणि मागे अर्धा एकर माळ ठेवून गेले. रुळांच्या अलीकडची ती जमीन अशी की तिथे कुसळसुद्धा दुसऱ्याच्या ओळखीने उगवायचं. पण मग पिंपरीत औषधाचा कारखाना आला. लातूर, बार्शी, सातारा, कुठून कुठून माणसं आली. कारखान्यात काम मिळे, पाठ टेकायला जागा मिळेना. देवळाच्या ओट्यावर, ठेसनाच्या बाकड्यावर, लोक शिफ्टप्रमाणे पाळीपाळीने झोपत.

कौशल्याबाईंनी हे पाहिलं आणि हातातल्या पाटल्या विकल्या. माळावर दोन खोल्या बांधल्या. गावात सगळे घरमालक चार भिंती आणि एक दार एवढ्यालाच खोली म्हणत आणि महिन्याला सात रुपये घेत. बाईंनी प्रत्येक खोलीला खिडकी ठेवली आणि आतल्या आत मोरी काढली. भाडं सांगितलं अकरा.

"चार रुपयं कशाचं वाढीव?" पहिल्या भाडेकरूने, रंगरावाने विचारलं होतं.

"दोन खिडकीचे. दोन मोरीचे. बायकोला विचारून सांगा."

रंगरावाने बायकोला विचारलं आणि त्याच संध्याकाळी बिऱ्हाड टाकलं. बायकोनेच गाडीवरून आधी उडी मारली म्हणतात.

वर्षभर भाडं हातात पडलं तशी बाईंची छाती वाढली. पुण्यातल्या एका पतपेढीकडून जमिनीवर कर्ज काढून त्यांनी आणखी सहा खोल्या उठवल्या. बाईमाणसाला कर्ज द्यायचं तर पतपेढीला जामीन हवा होता. जामीन राहिले उद्धवराव. मात्र त्यांनी एक कागद करून घेतला होता: दिवाळीपर्यंत पहिला हप्ता गेला नाही तर कर्ज उद्धवरावांनी अंगावर घ्यायचं आणि माळही उद्धवरावांच्या नावावर व्हायचा.

हप्ता कारखान्याच्या हातात होता. यशवंतराव साहेब आठही खोल्या एकदम तीन वर्षांच्या कराराने कामगारांसाठी घेणार होते, सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देणार होते. अट एकच, आठही खोल्यांची जमीन सिमेंटची पाहिजे. शेणाच्या जमिनीवर औषधाच्या कारखान्याचा कामगार झोपणार नाही, असं साहेबांनी ठणकावलं होतं.

सिमेंट तेव्हा परमिटावर मिळे. पुण्याच्या कचेरीत सात खेपा घालून, आठव्या खेपेला कारकुनाच्या टेबलासमोर जेवणाचा डबाच उघडून बसून, कौशल्याबाईंनी बत्तीस पोत्यांचं परमिट मिळवलं होतं. दुसरं परमिट आता होळीआधी मिळणार नव्हतं.

म्हणजे सिमेंट गेलं म्हणजे माळ गेला.

बाई फौजदाराकडे गेल्या नाहीत. पदर खोचून त्या तडक मालोजींकडे गेल्या.

मालोजी मोजणी खात्यात तीस वर्षं साखळी ओढून निवृत्त झाले होते. उंची सहा फूट दोन इंच. मावळातल्या निम्म्या बांधांची भांडणं त्यांनी मोजून मिटवली होती आणि उरलेली निम्मी त्यांच्या मोजणीमुळेच सुरू झाली होती. साखळी सरकारात जमा करावी लागली तेव्हापासून ते सगळं अंगानेच मोजत. वीत नऊ इंच, हात दीड फूट, डोळे जमिनीपासून पाच फूट दहा. केस पांढरे झाले तरी मापं हललेली नाहीत, असं ते मोठ्या डौलात सांगत.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरी, बत्तीस पोती म्हंजी किती गाड्या?"

"येताना तीन बैलगाड्या लागल्या होत्या."

"मग जाताना तीन गाड्या कुनी बगितल्या, तेवढं आदी इचारू."

३

दुसऱ्या खोलीतला रंगराव रात्रपाळी करून दिवसा झोपणारा. मालोजींनी त्याला उठवलं तेव्हा तो पंचा सावरत बाहेर आला.

"गाडीचं म्हनाल तर न्हाई बगा, काका. चाक वाजलं असतं तर मला जाग आली असती. पर शुक्रवारी दिवसभर भिंतीपल्याड आवाज व्हता. धप्प. मग जरा उगं. पुन्हा धप्प. मला वाटलं मिस्त्री जमीन चोपायलाय."

"आन् कुलूप वाजलं?"

रंगरावाची झोप उडाली. "ते न्हाई वाजलं. ते वाजलं की माझं पोरगं रडत उठतंय. शुक्रवारी पोरगं कसं गपगार झोपलं व्हतं."

उद्धवराव जवळच होते. "तेल घातलं असंल कुलपात," ते म्हणाले. "मिस्त्रीला काय अवघड?"

"आज सकाळी उघडताना वाजलं का, कौशल्या?"

"वाजलं की. फाटकावरचा माणूस बाहेर आला होता."

मालोजींनी मान डोलावली आणि कादरकडे वळले. कादर खोल्यांच्या मागे, मुरुमाच्या ढिगापाशी, डोकं धरून बसला होता. जमिनीत भर घालायला मुरूम तिथे आणून ठेवला होता. सगळ्या खोल्यांच्या जमिनी त्याने मुद्दाम वीतभर खोल सोडल्या होत्या, वर खडी आणि सिमेंट यायचं म्हणून.

"काका, माझं नशीबच फिरलंय," कादर म्हणाला. "सिमेंट गेलं, इज्जत गेली, आन् आता ह्यो मुरूमबी कमी पडतोय. आठ खोल्यांचा बरोबर मोजून आनला व्हता. सातव्या खोलीलाच संपल असं दिसतंय."

"तुझी मोजनी चुकली असंल."

कादर ताठ झाला. "मला चोर म्हना काका, त्ये मी ऐकून घीन. मोजनी चुकली म्हनू नका."

मालोजींना हे उत्तर फार आवडलं. चोराला असला अभिमान परवडत नाही, असं त्यांचं मत होतं.

राहिले वीटभट्टीवाले बबनराव. त्यांची भट्टी माळाला लागूनच होती आणि त्यांच्या आवारात ताडपत्रीखाली सिमेंटची पोती रचलेली साऱ्या गावाला दिसत होती. मालोजी ताडपत्रीकडे बघताहेत हे पाहून बबनरावांनी आपणच ती उचलून दाखवली.

"वीस हायेत. परमिट दावू? घर बांधतोय."

"कौशल्येची बत्तीस गेली."

"ऐकलं. वाईट झालं." बबनराव खाटेवर रेलले. "पर मालोजीआण्णा, मला सिमेंट चोरायची काय गरज? सिमेंट घालून घालून कुठं घालायचं, तर त्या माळावर. आन् माळ तर दिवाळीनंतर मला मिळनारच हाय."

कौशल्याबाई एक पाऊल पुढे आल्या. "कोण देणार तुम्हाला माझा माळ?"

बबनराव एकदम चपापले, उठून बसले, आणि त्यांनी कोणाला तरी उगाच चहा सांगितला. चहा काही आला नाही.

४

मंगळवारी सकाळी मालोजींनी सगळ्यांना तिसऱ्या खोलीपुढे बोलावलं. उद्धवराव आले, बबनराव आले, रंगराव ड्यूटीवरून तसाच आला. कादर खालमानेने लांब उभा राहिला.

कुलूप किंचाळलं. मालोजी उंबरा ओलांडून आत गेले, दोन पावलं टाकली आणि तुळईवर त्यांचं कपाळ असं आपटलं की वरून एक पाल खाली पडली.

पागोटं गरगरत कोपऱ्यात गेलं. कौशल्याबाई पाणी आणायला धावणार, तोच मालोजींनी हात वर केला. कपाळावर टेंगूळ येत होतं आणि चेहऱ्यावर मात्र नातू झाल्यासारखा आनंद होता.

"पूजेच्या दिशी मी याच तुळईखालनं गेलतो," ते म्हणाले. "पागोट्यासकट. वर चार बोटं जागा उरली व्हती. हाय का ध्यानात, कौशल्या?"

"आहे. तुम्ही बोटं लावून दाखवली होती सगळ्यांना."

"मग धा दिसांत मी वाढलो, का तुळई खाली आली?"

उद्धवराव हसले. "म्हातारपनी ध्यान ऱ्हात न्हाई, आण्णा."

"माजं ध्यान ऱ्हाऊ द्या. पोरी, तू काल दारातनं आत आलीस तवा काय काय झालं, सांग बरं. बारीकसारीक सगळं."

कौशल्याबाईंनी डोळे मिटले. "पाय अडखळला. पाऊल मधेच टेकलं. जमीन स्वच्छ होती. कोनाड्यातली सुपारी दिसली."

एवढं बोलून त्यांनी डोळे उघडले आणि कोनाड्याकडे पाहिलं. हळदकुंकवाची सुपारी अजून तिथेच होती. आणि मग त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

पूजेच्या दिवशी ती सुपारी त्यांनी टाचा उंच करून, चाचपडत ठेवली होती. कोनाड्याचा तळ तेव्हा त्यांना दिसतसुद्धा नव्हता. आज त्या सरळ उभ्या होत्या आणि सुपारीवरचं कुंकू मोजून सांगता आलं असतं.

"मालोजीदादा," त्या म्हणाल्या, "खोली उथळ झालीय."

"वीतभर खोल जमीन व्हती, ती उंबऱ्याबरोबर आलीया," मालोजी म्हणाले. "आन् दुसरी गोष्ट. बत्तीस पोती जिथं चार-पाच दिस रचून व्हती तिथं सिमेंटाचा एक कन न्हाई? गोनपाटातनं सिमेंट गळतंया. ही जमीन झाडूनबी इतकी साफ हुयाची न्हाई. ही जुनी जमीनच न्हवं. तीन गाड्या कुनी बगितल्या न्हाईत, कारन गाड्या आल्याच न्हाईत. पोती या खोलीतनं गेलीच न्हाईत." त्यांनी कादरला हाक मारली. "मिस्त्री, दारापाशी पहार घाल. हळू. एक वीतभरच."

कादरने दोन दिवसांत पहिल्यांदा उंबरा ओलांडला आणि पाय टेकताच तो थबकला. त्याच्या तळव्याला जे कळायचं ते कळलं होतं. पहारीच्या टोकाने सारवणाचा पापुद्रा निघाला, खाली बोटभर मुरूम निघाला, आणि मुरुमाखाली गोणपाट.

कौशल्याबाई खाली बसल्या आणि त्या गोणपाटावर त्यांनी हात ठेवला. आठ खेपा, एक जेवणाचा डबा, आणि सगळा माळ त्या गोणपाटाखाली होता.

"चार आडवी, आठ उभी," मालोजी डोळ्यांनीच मोजत म्हणाले. "बत्तीस. धा बाय धाच्या खोलीत जणू मापानं शिवल्यागत बसली."

बाहेर रंगराव पुटपुटला, "धप्प."

सगळे मोकळा श्वास घेणार, तेवढ्यात उद्धवराव पुढे सरकले आणि त्यांनी कादरचं मनगट धरलं.

"बगितलंत? मी काय सांगत व्हतो? जमिनीचं काम कुनाचं? मिस्त्रीचं. किल्ली कुनाची? मिस्त्रीची. इथंच पुरून ठेवायचं आन् गवगवा थांबला की एक-एक पोतं इकायचं. रंगराव, जा, फौजदाराला बोलाव."

आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना ते पटलं. मालोजींनासुद्धा क्षणभर काही सुचेना. सिमेंट कुठे आहे ते त्यांनी मोजून काढलं होतं. कोणी ठेवलं, हे कुठल्याच वितीने मोजता येईना.

५

"रंगराव, थांबा," कौशल्याबाई म्हणाल्या.

त्या अजून खालीच बसल्या होत्या. पण आता त्या गोणपाटाकडे बघत नव्हत्या. दारातून तिरप्या येणाऱ्या उन्हात सारवलेली जमीन उजळली होती आणि बाई ती जमीन वाचत होत्या.

"भावजी, कादरभाईचा हात सोडा. आणि पुढे येऊ नका, सारवण मोडेल."

"सारवनाचं काय घिऊन बसलाय, वहिनी?"

"मी सात वर्षांची असल्यापासून घर सारवतेय. बायका कशा सारवतात, बघितलंय कधी? पार आतल्या भिंतीशी सुरुवात करायची आणि मागे मागे सरकत दारात यायचं. म्हणजे ओल्यावर पाय न देता बाहेर पडता येतं. शेवटचा हात नेहमी उंबऱ्याशी पडतो." त्यांनी बोट दाखवलं. "हाताचे हे अर्धे चांद दिसतात? चांदाची पोकळ बाजू नेहमी सारवणाऱ्याकडे असते, कारण हात आपल्याभोवती फिरतो. इथे बघा, दादा. पोकळ बाजू कुठे आहे?"

मालोजी वाकले. "पल्याड. मागच्या भिंतीकडं."

"म्हणजे सारवणाऱ्याने दाराशी सुरुवात केली आणि तो मागे सरकत गेला मागच्या भिंतीकडे. तिकडे दार नाही, खिडकीला गज आहेत. ओल्या सारवणावर एकसुद्धा पाऊल नाही. मग तो बाहेर पडला कुठून?"

सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या. मागच्या भिंतीच्या वरच्या अंगाला कौलांच्या तीन ओळी नव्याने बसवलेल्या, अगदी सरळ, अगदी नीटनेटक्या दिसत होत्या.

"ज्याच्याकडे किल्ली आहे," कौशल्याबाई म्हणाल्या, "तो दाराकडे सरकत येईल आणि दाराने बाहेर पडेल. छपराने आला आणि छपराने गेला, तो किल्ली नसलेला माणूस. म्हणून कुलूप वाजलं नाही आणि रंगरावांचं पोर उठलं नाही. कादरभाई, तुमची किल्लीच तुमची साक्ष देतेय."

कादरने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"कौलं मी नीट केली, व्हय," उद्धवराव म्हणाले. आवाज जरा चढला होता. "सगळ्या गावादेखत शिडी लावून केली. लपून न्हाई. म्या लावलेल्या कौलातनं दुसरा कुनी उतरला न्हाई कशावरनं?"

"असेल. तेही जमीनच सांगेल." बाई उठल्या, हात झटकले. "हात जिथे उचलतो तिथे शेणाची बारीक कडा राहते. मी उजव्या हाताने सारवते, माझी कडा उजवीकडे. गावातल्या सगळ्या बायकांची उजवीकडे. हा माणूस मागच्या भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसला होता. त्याच्या कडा बघा, सगळ्या त्याच्या डाव्या अंगाला." मग अगदी घरगुती आवाजात त्या म्हणाल्या, "भावजी, मालोजीदादांना जरा तंबाखू मळून द्या. कपाळाला लागलंय त्यांच्या."

उद्धवरावांनी बटवा काढला. सवयीचा हात, विचार करायला वेळच मिळाला नाही. उजव्या तळव्यावर तंबाखू आली, डावा अंगठा तिच्यावर फिरू लागला. चार फेरे झाले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की सगळे त्यांच्या डाव्या हाताकडे बघताहेत.

अंगठा थांबला.

"सासूबाई सहा महिने अंथरुणावर होत्या," कौशल्याबाई हलकेच म्हणाल्या, "तेव्हा घर तुम्ही सारवायचात. दहा वर्षांचं पोर, बाहेर कोणाला कळू न देता. त्या मला फार कौतुकाने सांगायच्या. म्हणायच्या, माझ्या उद्धवचा डावा हात आहे, पण सारवण आरशासारखं."

मालोजी म्हणाले, "घमेल्यात मुरूम, घमेल्यात शेन. शिडीनं वर. बगनाऱ्याला वाटलं, कोना लिंपतोय. अशी भर दुपारी केलेली चोरी म्या तीस वर्सांत बगितली न्हाई. कादर, तुझी मोजनी चुकली न्हवती, बाबा. मुरूम हितं हाय."

उद्धवरावांनी तंबाखू खाली टाकली. बबनरावांकडे पाहिलं, बबनराव छपराचं काम फार लक्ष देऊन बघत होते.

"बबनरावानं माळाचं पैसं बोलून ठेवलं व्हतं," उद्धवराव म्हणाले. "मला काय सिमेंट इकायचं न्हवतं, वहिनी. दिवाळी गेली असती, माळ माझ्या नावावर आला असता, तवा तुमाला काढून दिलं असतं. दादा गेला आन् चार वर्सांत तुमी आठ खोल्या बांधल्या. म्या तालमीत कमावलं तेवढं गावानं इसरून टाकलं. जो त्यो इचारतो, कौशल्याबाईंचं दीर का तुमी?"

मग त्यांनी खाली जमिनीकडे पाहिलं आणि अगदी वेगळ्याच, लहान आवाजात विचारलं, "सारवन तरी बरं झालं व्हतं का?"

कौशल्याबाईंनी नीट वाकून पाहिलं. "कडा राहिल्या," त्या म्हणाल्या. "बाकी आईंनी नाव ठेवलं नसतं."

६

फौजदाराला कोणी बोलावलं नाही. कौशल्याबाईंनी दुसरंच काही मागितलं. जामिनाचा कागद उद्धवरावांनी सगळ्यांसमोर फाडायचा, जामीन मात्र राहायचं. पुढचे पाच दिवस कादर मिस्त्रीच्या हाताखाली घमेली उचलायची. आणि कादरची माफी मागायची, ती अंगणात, मोठ्याने.

उद्धवरावांनी तिन्ही गोष्टी केल्या. माफीच्या वेळी आवाज थोडा बसला होता, पण कादरने "बास, रावसाहेब" म्हणून तो अर्ध्यातच थांबवला आणि हातात घमेलं दिलं.

पोती वर काढली तेव्हा एकोणतीस पोती कोरडी निघाली. ज्या तीन पोत्यांवर शेणकाल्याचं पाणी मुरलं होतं, ती आतल्या आत धोंडा झाली होती. एकोणतीस पोत्यांत सात खोल्या पुऱ्या होत आणि आठवीला तीन पोती कमी पडत होती. ती तीन पोती उद्धवरावांनी बबनरावांच्या ताडपत्रीखालून विकत आणली. भाव बबनरावांनी सांगितला, आणि तो ऐकून उद्धवराव पुन्हा म्हणून त्या भट्टीकडे फिरकले नाहीत. बाईंच्या मते फौजदाराने केली असती त्याहून ती शिक्षा जबर होती.

पाच दिवस माळावर थापीचा आवाज थांबला नाही. उद्धवराव एका खेपेला चार घमेली उचलत, दोन डोक्यावर, दोन काखेत, असं रंगराव अजून सांगतो. पाचवं दातात धरत असं त्याची बायको सांगते.

सोमवारी यशवंतराव साहेब आले. बुटाची टाच आपटत एकेका खोलीतून फिरले. खिडकी उघडून पाहिली, मोरीत तांब्याभर पाणी ओतून ते कुठून जातं ते पाहिलं. जमीन अजून थंड आणि काळीशार होती, आणि तिच्यात साहेबांची सावली पडत होती.

"कॉन्ट्रॅक्टर कोण तुमचा, बाई?"

"मीच," कौशल्याबाई म्हणाल्या. "मिस्त्री हे, कादरभाई."

"आणि पैसा?"

"पाटल्या, भाडं, पतपेढी. या क्रमाने."

साहेबांनी पहिल्यांदाच टोपी काढली आणि कागद मागवला. सही झाली. आठव्या खोलीतून बाहेर पडताना त्यांचा पाय एका विचित्र पायरीवर पडला. पायरी सिमेंटची होती, पण थेट पोत्याच्या आकाराची. चारी कोपरे गोल, वर गोणपाटाची वीण जशीच्या तशी उठलेली. तशाच पायऱ्या आणखी दोन दारांना होत्या.

"ही काय डिझाइन आहे?" साहेबांनी विचारलं. "फारच मजबूत दिसते."

उद्धवराव शेजारीच घमेलं धुवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"ते आमचे भावजी," कौशल्याबाई म्हणाल्या. "या कामातला त्यांचा हातभार आहे."

साहेबांनी उद्धवरावांकडे कौतुकाने पाहिलं आणि हात पुढे केला. उद्धवराव उठले, ओला हात धोतराला पुसला. आधी डावा पुढे आला, मग त्यांनी तो मागे घेतला आणि उजवा दिला. मान मात्र पुन्हा उखळासारखी ताठ झाली होती.

"खोल्या कुणाच्या, असं विचारलं तर काय सांगायचं?" साहेब हसून म्हणाले.

"कौशल्याबाईंच्या," उद्धवराव म्हणाले. "मी त्यांचा दीर."

मालोजी तिसऱ्या खोलीच्या दारात उभे होते. आत जाताना त्यांनी पागोटं घट्ट बसवलं, तुळईखाली गेले, वर हात नेला आणि मोजून पाहिलं. ते टेंगूळ लक्षात ठेवून कादरने या खोलीची जमीन उंबऱ्यापेक्षा खालीच ठेवली होती, तरी खडी आणि सिमेंट घालून ती तीन बोटं वर आली होती, त्यामुळे आता तिथे चार बोटं काही उरली नव्हती. जेमतेम एक उरलं होतं.

"पुरतंय," ते म्हणाले, आणि त्या एका बोटाखालून ताठ मानेने पलीकडे गेले.